ईरासाठी पुस्तकं घेताना

बडोदे

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

ईरासाठी पुस्तकं घ्यायची म्हणून तू पाठवलेली यादी वाचली. अक्षरं, अंक, रंग, आकार, चांगल्या सवयी. ही कधीच घेऊ नकोस असं नाही, पण आत्ता नकोत. ज्या पुस्तकाला शिकवायची घाई असते ते तीन वर्षांच्या मुलीला बरोबर ओळखू येतं. बालवाडीत रोज बघायचे मी. शेवटच्या पानावर ‘म्हणून मुलांनो’ आलं, की इतका वेळ मांडी घालून बसलेली पोरं चुळबुळ करायला लागायची.

दुकानात गेलास की मजकूर हाताने झाक आणि नुसती चित्रं बघ. खाली लिहिलंय ‘आई कपडे वाळत घालते’ आणि चित्रात आई, दोरी, कपडे, संपलं. मग ते दुसऱ्यांदा उघडायचं कशाला? पण त्याच दोरीवर मोजा एकच आहे, दुसरा मांजरीने पळवलाय, ओल्या चादरीखालून कुणाची तरी दोन पावलं दिसतायत, आणि शब्दांत याचा उल्लेखसुद्धा नाही, असं पुस्तक दिसलं तर लगेच घे. आपण मजकूर वाचत असतो तेव्हा मूल चित्र वाचत असतं. तो मोजा तुझ्याआधी ईराला सापडणार. ज्या मुलीला अजून वाचता येत नाही, तिला बाबांच्या आधी काहीतरी कळलं, हे केवढं मोठं आहे! माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, म्हणून त्यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्र एकमेकांना धरून चालतात. घर, शेजारपाजार, आजी-आजोबा, एवढ्यावर त्यांचं भागतं. त्यांच्यापासून सुरुवात कर.

नवल दाखवायला परी, राक्षस, जादूची कांडी असलीच पाहिजे असं नाही. तुला घेऊन काळ्या घोड्याच्या पुलावर उभी राहायचे तेव्हा खाली विश्वामित्रीच्या काठावर मगर ऊन खात पडलेली असायची. भर शहरात मगर! येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि तुझं लक्ष कठड्यावरच्या मुंग्यांकडे. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी लहानपणी जायचे, तिथे मांडण्यांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, उजेड खालपर्यंत यावा म्हणून. वरून कुणी चालत गेलं की डोक्यावरून पावलांच्या सावल्या सरकायच्या. पुस्तक हातात तसंच राहायचं. मुलांची चांगली चित्रपुस्तकं या मुंग्यांची आणि सावल्यांची असतात.

आता कविता. कवितेचा अर्थ सांगत बसू नकोस, निदान पहिले काही दिवस तरी. आधी ठेका कानात बसू दे. मांडीवर घेऊन, पाठीवर थोपटत म्हण. शब्द कळला नाही तरी यमक कधी येणार हे तिला कळतं आणि ते ती तुझ्याआधी म्हणून टाकते. ज्ञानपीठ मिळालेल्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी किती संग्रह लिहिले बघ. मुलांची कविता म्हणजे उरल्यासुरल्या वेळात जुळवलेली यमकं, असं समजणाऱ्यांची पुस्तकं बाजूला ठेव. गुजराती जोडकणी, म्हणजे मुलांची यमकांची गाणी, तीही तिला ऐकव. तू त्यांच्यावरच वाढलास आणि तुझ्या मराठीचं काही बिघडलं नाही.

परवा स्वयंपाकघरातल्या नळाला थेंब लोंबत होता. जवळ जाऊन पाहिलं तर त्यात अख्खी खोली, खिडकीसकट, आणि सगळं उलटं! थेंब म्हणजे छोटंसं भिंगच ना. तिथेच हे सुचलं:

नळाला थेंब एक लोंबतो,
पडू का नको? जरा थांबतो.
थेंबात दिसे सगळी खोली,
खिडकी, खिडकीमधली गल्ली,
गल्लीमधुनी लारी आली…
टप! कुठे ती लारी गेली?

‘टप’च्या आधी थांब. चांगला थांब, ती तुझ्या तोंडाकडे बघायला लागेपर्यंत. आणि म्हणून झालं की तिला नळाशी उचलून ने.

पुस्तकं ढीगभर नकोत. एकच पुस्तक ती रोज मागेल, तेच वाच. कंटाळा तुला येईल, तिला नाही. एखाद्या पानावर अडली तर पुढचं पान उलटू नकोस, गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल. बाकीची वाचनालयातून आण. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून वाचनालयांची घडी बसवली, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या. त्याआधी चार वर्षं, १९०६ मध्ये, राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं होतं. म्हणजे वाचायला शिकवलं आणि वाचायला काय, याचीही सोय केली. तुमच्या भागात बालविभाग असलेलं वाचनालय असेलच, शनिवारी चौकशी कर. तिथे तिला खालच्या कप्प्यातलं पुस्तक स्वतःच्या हाताने काढू दे, मग ते कितीही फाटकं असो.

पार्सलमध्ये मी केलेलं एक पुस्तक आहे. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, मधोमध दोऱ्याने शिवलेली, नळाची कविता त्यातच लिहिली आहे. शेवटची दोन पानं कोरी ठेवली आहेत, तिथे ईराला हवं ते काढू दे, आणि काय काढलं ते मला कळव. शिवण उसवली तर स्टेपलर मारू नकोस, पिन बोटाला लागते. सुईदोऱ्यानेच टाके घाल.

तुझी आई