रॉ व्हिडिओ खरखरीत का दिसतो?

महोदय,

गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर मिररलेस कॅमेरे घेतलेले अनेक तरुण दिसतात. ‘रॉमध्ये घेऊनही चित्र दाणेदार आणि मऊ आलं’ ही त्यांची नेहमीची तक्रार. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने फारशी प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल. दोष बहुतेकदा कॅमेऱ्याचा नसतो. साध्या फाइलवर कॅमेरा स्वतःच नॉइज, म्हणजे दाणे, कमी करतो, कडा धारदार करतो. रॉमध्ये हे काम बरंचसं आपल्यावर सोडलेलं असतं. त्यात चित्र अंधारं घेतलं आणि संगणकावर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळ केलं, की सावल्यांत दाणे उठणारच. म्हणून कॅमेऱ्याच्या मूळ आयएसओवर (प्रकाशसंवेदनशीलतेच्या मूळ पातळीवर), शक्यतो एक स्टॉप उजळ घ्यावं. फक्त दिव्यांच्या झोतात तपशील जळत नाहीत ना, हे झेब्रा (अति उजळ भागावर दिसणारे पट्टे) लावून पाहावं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवल्यास दिव्यांचं लुकलुकणं सहसा टळतं.

खरी गफलत मॅन्युअल फोकसमध्ये होते. पीकिंगचा (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचा) लाल रंग फेट्याच्या जरीवर चमकतो आणि ढोलवादकाचे डोळे मात्र धूसरच राहतात, कारण पीकिंग कॉन्ट्रास्ट शोधतं, डोळा नव्हे. त्याची पातळी ‘लो’ करावी, चित्र मोठं करून पापणीवर फोकस घ्यावा, मगच रेकॉर्डिंग सुरू करावं. अनेक नव्या लेन्सची रिंग फक्त मोटरला इशारा देते. रिंग तेवढीच फिरवली, तरी हळू फिरवली की झटकन, यावर फोकसचं अंतर किती बदलेल हे ठरतं. मेनूत ‘लिनिअर’ (फिरवण्याच्या वेगावर अवलंबून नसलेला) पर्याय असल्यास तो निवडावा. आणि व्ह्यूफाइंडरचं डायॉप्टर चाक आधी आपल्या नजरेला जुळवून घ्यावं. बॅगेत घासून ते हमखास सरकतं.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे