हरभऱ्यातला राखाडी कोश चुरडू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तापीकाठच्या आपल्या काळ्या रानात हरभरा वाढत असताना पानावर सुकलेली लहान अळी आणि तिला लागून राखाडी-पांढरा कोश दिसला, तर हात लावू नका. आई, भाजी खुडताना तूही तेवढा शेंडा राहू दे.

तो कॅम्पोलेटिस नावाच्या बारीक गांधीलमाशीचा कोश. ती कोवळ्या घाटे अळीत एकच अंडं घालते. एरवी अळीच्या रक्तपेशी परक्या वस्तूला घेरून मारतात. पण माशी अंड्यासोबत विषाणूसारखे कण टोचते. ते तिच्याच अंडाशयाच्या नळीत तयार होतात. त्यांतली जनुकं रक्तपेशींना लुळं करतात, अळीची वाढ खुंटते आणि आतलं पिल्लू सुरक्षित राहतं.

मात्र कणाचं कवच बनवणारी जनुकं कणात भरलेलीच नसतात. ती माशीच्या गुणसूत्रांत असतात आणि पिढ्यान् पिढ्या वारशानं उतरतात. त्यामुळे अळीत शिरलेला कण पुढे वाढूच शकत नाही. मग याला विषाणू म्हणायचं कसं? म्हणूनच 2021 मध्ये विषाणूंच्या वर्गीकरणात अशांसाठी 'व्हायरिफॉर्म' हा वेगळा गट झाला.

त्यात अशा माशांच्या कणांची दोन घराणी आहेत, ब्रॅको आणि इक्नो. कोबीवरच्या अळ्यांत अंडी घालणाऱ्या कोटेशिया माशीचं ब्रॅको. सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी न्यूडीव्हायरस नावाचा एक विषाणू माशीच्या पूर्वजाच्या जनुकांत मुरला, त्यातून ते आलं. कॅम्पोलेटिसचं इक्नो मात्र दुसऱ्याच विषाणूपासून, स्वतंत्रपणे आलं. एकच युक्ती निसर्गात दोनदा जमली, याचं मला फार अप्रूप वाटतं. न्यूडीव्हायरसचे भाऊबंद म्हणजे बॅक्युलोव्हायरस, आणि बाबा, तुमची एचएएनपीव्हीची, म्हणजे घाटे अळी मारणाऱ्या विषाणूची बाटली त्याच कुळातली.

ती बाटली ओळीच्या एका मीटरमध्ये 1-2 अळ्या दिसल्या तरच काढा. एकरी 100 एलई (बाटलीवरचं विषाणूचं माप), 200 लिटर पाण्यात, दिवस मावळताना, कारण उन्हात तो विषाणू निकामी होतो. अळ्या लहान असतानाच फवारा, मोठ्या अळ्या मरेपर्यंत घाटे पोखरत राहतात. कोश बरेच दिसत असतील तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा. अळी लवकर मेली तर आतलं पिल्लूही उपाशी मरतं. पायरेथ्रॉइड या रासायनिक कीटकनाशकाची फवारणी तर माशीच मारते.

आई, बांधाकडच्या ओळीत थोडे धणे टाक आणि कोथिंबीर खुडून न संपवता फुलू दे. माशा त्या फुलांतला मध पितात.

तुमचा,
मुलगा