शेराला ‘शाबाश’ म्हणणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात शेरा गेला. बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. या दोघांच्या अखेरच्या काळात आपण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून आमच्या वस्तीवर किती खेपा केल्या, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही आणि आपणही कधी मागितला नाही. म्हणून हे आभार चारचौघांसमोर मानत आहे.

बाबा सैन्यातली जनावरे सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये श्वान हँडलर होते आणि शेरा हा मेरठच्या केंद्रात तयार झालेला, स्फोटके हुंगून शोधणारा लॅब्रेडॉर. जम्मूतल्या राजौरीच्या बाजूला पहाटे लष्कराच्या गाड्या निघण्यापूर्वी जी तुकडी रस्ता तपासते, तिच्या पुढे हे दोघे चालत. वास लागला की भुंकायचे नाही, पंजाने उकरायचे नाही, नुसते जागेवर बसायचे, एवढेच शेराला शिकवलेले होते. आणि तो बसला की मागची सगळी तुकडी थांबत असे.

सेवेतून उतरलेल्या लष्करी श्वानांना पूर्वी मरण दिले जाई. 2015 मध्ये तो प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे ती पद्धत बदलली. म्हणूनच निवृत्तीनंतर वर्षभराने बाबा मेरठला जाऊन, अखेरपर्यंत सांभाळीन असे लिहून देऊन, शेराला घरी आणू शकले. भावकीत पुष्कळांना ते पटले नाही. फौजेतून माणूस काय काय घेऊन येतो, यांनी म्हातारे कुत्रे आणले, असे बोलले गेले आणि बाबांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले.

त्या पहिल्या दिवाळीत शेजारच्या मुलाने सुतळी बॉम्बची पिशवी आमच्या ओट्यावर ठेवली होती. शेरा तिच्याजवळ गेला, एकदा हुंगली आणि शेजारी शांतपणे बसून बाबांकडे पाहू लागला. बाबा हातातले ताट खाली ठेवून उठले, पिशवी लांब नेऊन ठेवली आणि मगच खिशातला चेंडू काढून त्याला बक्षीस म्हणून दिला. मुले हसत होती. बाबांचे डोळे भरले होते.

आपण प्रथम आलात ते शेराची कंबर धरली तेव्हा. तपासणीला हात लावण्यापूर्वी आपण बाबांना विचारलेत, “हवालदारसाहेब, हा कोणत्या शब्दाला ऐकतो?” गावात आल्यापासून बाबांना त्यांच्या कामाचे असे कोणी विचारले नव्हते. मग ते तासभर बोलले. 2016 च्या प्रजासत्ताक दिनी 26 वर्षांनंतर श्वानपथक राजपथावर चालले, तेव्हा ते स्वतः टीव्हीसमोर उभे राहिले होते, हेही त्यांनी आपल्याला सांगितले. आम्हाला ते तोवर ठाऊक नव्हते. पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग कसा उचलून धरायचा, हे आपण दाखवलेत आणि पुढे रोज सकाळी सहाला, शेराच्या अंगावर ब्रश फिरवून झाल्यावर, बाबा त्याला तसे धरून बांधापर्यंत फिरवून आणत.

बाबा गेल्यावर शेराने चार दिवस अन्नाला तोंड लावले नाही. सलाईन लावायला आपण रात्री आलात, तेव्हा तो कोणालाच जवळ येऊ देईना. आपण जमिनीवर टेकलात आणि “बैठ” म्हणालात, अगदी बाबांच्या ठसक्यात, आणि तो बसला. सुई टोचून झाल्यावर आपण हळूच “शाबाश” म्हणालात. आई दारात उभी होती. त्या रात्री ती प्रथमच मोकळेपणाने रडली. त्यानंतर शेरा जगला तो त्या दोन शब्दांवर, असे ती म्हणते, आणि मलाही तसेच वाटते.

त्याला बांधावरच्या आंब्याखाली पुरले आहे. सांधेदुखीच्या गोळ्यांची दोन पाकिटे न उघडता उरली आहेत. दुसऱ्या एखाद्या जनावराच्या उपयोगी पडतील म्हणून सोमवारी दवाखान्यात आणून देते.

आपली कृतज्ञ,
हवालदारांची मुलगी