तुमचे 30 रुपये

प्रिय दादा,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. "मुलीच्या शाळेत अजून माहीत नाही," असं तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात. मुलगी आता मोठी झाली असेल, पण तो शब्द मी पाळते.

1992 चा पावसाळा. धाकट्याला घेऊन मी साताऱ्याहून आले होते. आमच्या आळीत कुणी वेड्यासारखं वागलं की 'येरवड्याला पाठवा याला' म्हणायचे, आणि मी खरंच भावाचा दंड धरून तिथल्या मेंटल हॉस्पिटलच्या फाटकातून आत चालले होते. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र तेव्हा त्याच आवारात होतं. नाव नोंदवताना पर्स उघडली तर आत काही नाही. स्वारगेटवरून येताना रिक्षाचं भाडं 'मी देतो' म्हणत तो पुढं झाला होता, तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हटलं, "घरीच विसरले वाटतं." तुम्ही एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलंत. "ताई, मीही बहिणीच्याच पर्समधून काढायचो," म्हणालात, आणि परतीच्या एसटीसाठी 30 रुपये माझ्यापुढं ठेवलेत. वर एवढंच, "घ्या. याला मात्र देऊ नका."

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढलेला माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसू शकतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याआधी एका ठिकाणी धाकट्याला चार दिवस कॉटला बांधून ठेवलं होतं. टर्की, म्हणजे गर्द तुटल्यावरचा त्रास, उतरली, नाकाडोळ्यांतलं पाणी थांबलं, अंगदुखी गेली, 'बरा झाला' म्हणून घरी पाठवला. आठवड्यात सिगारेटच्या पाकिटांतली चांदी, गर्द ओढायला लागते ती, पुन्हा गायब व्हायला लागली. शरीरातून गर्द जायला थोडे दिवस पुरतात, डोक्यातून जायला किती लागतात हे तिथं कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतरच्या भेटींत तुम्ही मला मुक्तांगणची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांगितलीत. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांत शिरली आणि कॉलेजातली पोरं तिच्यामागं लागली. अनिल अवचट त्या पोरांमध्ये फिरून लिहीत होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई हलले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानानं एक लाख रुपये देऊ केले. डॉ. सुनंदा अवचट त्याच मेंटल हॉस्पिटलात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी काम अंगावर घेतलं आणि 29 ऑगस्ट 1986 ला मुक्तांगण सुरू झालं. पुलंच्या विनोदांवर आमचं घर पोसलं, त्यामुळं हे ऐकून मला उगाचच धीर आला. तशा धीराला काही अर्थ नसतो, पण त्या वेळी चालला.

पैशांपेक्षा मला सुनंदा मॅडमची कल्पना मोठी वाटते. बरे झालेल्यांनाच त्यांनी कामाला घेतलं. तुम्ही सांगितलं होतंत की याचं मूळ 1935 मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात आहे. शेअर बाजारातला एक दारुडा आणि एक दारुडा सर्जन एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. व्यसनी माणूस डॉक्टरला फसवतो, बहिणीला फसवतो. दुसऱ्या व्यसनीला फसवायला गेला की स्वतःच हसतो. धाकटा तुम्हाला पहिल्यांदा हसला तेव्हा मी व्हरांड्यात होते.

खरं सांगायचं तर आभार त्याच्यासाठी नाहीतच, माझ्यासाठी आहेत. घरच्यांच्या मीटिंगमध्ये तुम्ही विचारलंत, "त्याच्या ऑफिसला 'ताप आलाय' असा फोन कोण करतं?" मी हात वर केला. "पानवाल्याची उधारी?" पुन्हा मीच. मला वाटत होतं मी त्याला वाचवतेय. मी त्याची सोय करत होते. राग आला होता तुमचा, दोन दिवस टिकला. मग मी फोन करणं बंद केलं आणि त्याची नोकरी गेली. आईनं मला महिनाभर बोल लावले. हे असं होईल, हे मात्र तुम्ही आधी सांगायला हवं होतं.

उपचारांचे 35 दिवस झाले, आठ महिने चांगले गेले आणि तो घसरला. तेव्हा मी एसटीडी बूथवरून तुम्हाला फोन केला. तुम्ही आधी विचारलंत, "श्वास नीट चालू आहे ना? ओठ निळे नाहीत ना?" थांबलेल्या शरीराची सवय मोडलेली असते, जुन्या हिशेबानं माल घेतला तर श्वासच बंद पडतो, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा घेऊन आले तेव्हा मान वर होत नव्हती. तुम्ही म्हणालात, "आलात ना? चहा घ्या आधी."

मॅडम 1997 मध्ये कॅन्सरनं गेल्या. अवचट जानेवारी 2022 मध्ये. आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर काम बघते आणि संस्थेची येरवड्यातच स्वतःची इमारत आहे. धाकटा त्या दुसऱ्या खेपेनंतर पुन्हा घसरलेला नाही. आता पन्नाशीत आहे, गॅरेज चालवतो, आणि सिगारेट सोडा म्हटलं की अजून भांडतो.

तुम्ही निवृत्त झालात असं कळलं. यंदा 29 ऑगस्टला तो कार्यक्रमाला येणार आहे, मीही येतेय. दिसलात तर 30 रुपये घ्यावे लागतील. सुटे आणलेत.

तुमची,
साताऱ्याची ताई