नकाशा वाचायला शिकवणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

नगररचना विभागात अनुरेखक, म्हणजे नकाशे उतरवून काढणारे, म्हणून जन्मभर जे केलंत, ते निवृत्तीनंतर आमच्या गटातल्या मुलामुलींना हातचं न राखता दिलंत. त्याबद्दल हे आभारपत्र. ते जाहीर लिहितोय, कारण तुमची शिकवण सातपूरपासून नाशिक रोडपर्यंतच्या पोरापोरींच्या हाती पडायला हवी.

मत द्यायला अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, हरकत घ्यायला नाही, हे तुम्ही सांगितलंत आणि अकरावी-बारावीची मुलं ताठ बसली. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ नुसार प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरात कुठे काय होणार याचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाला की कोणीही ३० दिवसांत लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ ची नोटीस निघते, तिलाही एक महिना मिळतो. मुलांचा सहभाग बहुतेक वेळा इथेच हुकतो. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, तेव्हा नेमक्या परीक्षा चालू असतात आणि कळेपर्यंत मुदत संपते. म्हणून नोटिसांवर लक्ष ठेवायचं काम दर महिन्याला दोघांकडे द्या, हा तुमचा सल्ला लाखमोलाचा.

नकाशा तुम्ही घाई न करता शिकवलात. आधी शीट, मग सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, मग आरक्षणाचा, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेचा, क्रमांक. ग्रीन झोन म्हणजे बाग नव्हे, तो शेतीचा पट्टा. ‘उद्यान’ आणि ‘खेळाचे मैदान’ ही वेगळी आरक्षणं, म्हणून क्रिकेटसाठी जागा हवी असेल तर मागणीत तसंच लिहायचं. आणि आरक्षण पडलं म्हणजे जागा महापालिकेच्या ताब्यात आली असं नाही. अंतिम आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली, जागा संपादित झाली नाही आणि मालकाने कलम १२७ ची नोटीस दिली, तर २४ महिन्यांत संपादनाची पावलं न उचलल्यास आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ‘मैदान कधी होणार’ असं विचारण्यापेक्षा ‘या आरक्षणाचं भूसंपादन कुठवर आलं, कलम १२७ ची नोटीस आली आहे का’ असं विचारलं की कागद हलतो. माहिती अधिकाराच्या अर्जात हाच एक विषय, १५० शब्दांच्या आत, सोबत दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट.

गोदावरीच्या पूररेषांचा धडा तर प्रत्येक नाशिककराने घ्यावा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००८ च्या सप्टेंबरचा पूर आमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवतही नाही. त्यामुळे काठावर अभ्यासिका मागायचा मोह होतो. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम मागू नका, मोकळं मैदान मागा, हे तुम्ही वेळीच बजावलंत.

अर्ज कसा फसतो, तेही दाखवलंत. एकाच मजकुराच्या शेकडो प्रती दिल्या की त्या एकगठ्ठा धरल्या जातात आणि उत्तर एका ओळीचं येतं. त्यापेक्षा पाच वेगळे अर्ज बरे. एकीने बंद पथदिव्यांचे खांब क्रमांक द्यावेत, दुसऱ्याने शाळा सुटताना चौकातली पंधरा मिनिटांची वाहनमोजणी, तीही कामाच्या दिवशी आणि रविवारी वेगळी. प्रत्येक अर्जात सर्व्हे नंबर, एक मागणी, एक कारण. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. सुनावणीला तीच मुलगी बोलेल जी तो रस्ता रोज वापरते, हा तुमचा हट्ट आम्हाला फार मोलाचा वाटतो. मोठ्यांनी तिच्या वतीने बोलायचं नाही.

पैशांचं गणितही तुम्हीच मांडलंत. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि अंदाजपत्रक त्याआधीच तयार होतं, म्हणून फेब्रुवारीत दिलेली मागणी त्याच्याही पुढच्या वर्षावर जाते. पुण्यात नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत २००६-०७ पासून सुरू झाली. नाशिकच्या सहाही विभागीय कार्यालयांत मुलांच्या सूचनांसाठी तसाच अर्ज असावा, ही तुमची मागणी आता आमचीही आहे.

दिवाळीनंतर सूचना लिहायला बसणार आहोत. या वेळी पंचवटीची नवी मुलं आहेत, नकाशा कधीच न पाहिलेली. नाना, तुमची स्केलपट्टी घेऊन यावं, ही विनंती.

तुमचेच,
गटातले सर्वजण