वैशे, तुझ्या गुळवेलीबद्दल

कराड

प्रिय वैशे,

तुझे फोन येत होते आणि मी उचलत नव्हते. कामात होते असं म्हटलं असतं तर तुला पटलं नसतं. खरं म्हणजे फोनवर मी आधी रडले असते, मग भांडले असते, आणि तू शांतपणे "बरं, पुढे?" म्हणाली असतीस. त्या "बरं, पुढे?"चा मला हॉस्टेलपासून राग आहे. म्हणून पत्र.

माझं ठीक. गुडघा आहे तसाच.

गोष्ट आईची आहे. दिवाळीत तिला जेवण जाईना. मळमळ, अंगाला खाज, मग डोळे पिवळे. दादा म्हणाला बाहेरचं पाणी प्यायली असेल. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडे नाहीत. यकृताची इजा सांगणारं एसजीपीटी नऊशेच्या वर, काविळीचं बिलिरुबिन अकरा, दोन्ही भलतेच चढलेले. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काढा, चूर्ण, काही आयुर्वेदिक?" आई म्हणाली, "छे हो, थायरॉईडची गोळी सोडली तर औषध काहीच नाही." आणि वैशे, ती खोटं बोलत नव्हती. परसातल्या वेलीची बोटभर कांडी ठेचून उकळायची, गाळून प्यायची, हे तिच्या लेखी तुळशीला पाणी घालण्यासारखं. ते मी सांगितलं.

वेल कुठली ते तुला काय सांगू? 2020 च्या त्या मे महिन्यात वाईहून आजोबांच्या कडुनिंबावरच्या कांड्या तूच आणून दिल्यास. "निंबावरचीच हवी काकू, तीच गुणाची," असं बजावून. आई तेव्हा अधूनमधून घ्यायची. यंदा गल्लीत डेंग्यू आला आणि गणपतीपासून रोज सुरू झालं.

पुढे रक्तातल्या ऑटोइम्यून खुणा पाहिल्या: एएनए पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं. मग बायोप्सी. ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली. काढा बंद, स्टेरॉइड सुरू, आकडे उतरायला लागले. आता ती पिठलं-भाकरी खाते आणि स्टेरॉइडने तोंड सुजलं म्हणून डॉक्टरांना शिव्या देते. म्हणजे बरी आहे.

दादाचं एकच पालुपद: "तुझ्या त्या वैद्यबाई." मी त्याच्याशी इतकी भांडले की वहिनीने मध्ये पडून चहा टाकला. तुझ्यासाठी दादाशी भांडायचं आणि दादासाठी तुझ्याशी, हे माझं नशीबच दिसतंय.

आधी मी तुझ्या सुटकेची वाट शोधली, खोटं कशाला सांगू. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने काय म्हटलं होतं ते आठवतंय ना? ही गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असेल. मला तर तेच हवं होतं! परसात जाऊन फांदी मोडली. क्रिस्पाच्या खोडावर गाठी असतात, दुधाळ चीक येतो. इथे गाठी नाहीत, चीक नाही. तरी कॉलेजात आमच्या फार्माकॉग्नसीच्या, म्हणजे औषधी वनस्पती ओळखायला शिकवणाऱ्या, मॅडमना दिली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि म्हणाल्या, अस्सल आहे, इतका चांगला नमुना पोरांच्या प्रॅक्टिकलला मिळत नाही, अजून थोडी आणता का?

म्हणजे भेसळ नाही, चुकीची वनस्पती नाही. तू दिलेलं अगदी खरं होतं. हेच मला गिळता येत नाहीये.

नंतर 13 केंद्रांचा मिळून एक अभ्यास आला, गुळवेल घेऊन यकृत बिघडलेल्या 43 रुग्णांचा. निम्म्याहून जास्त बायका. घ्यायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यांक 46 दिवस, म्हणजे साधारण निम्म्यांना त्याच्या आतच. बऱ्याच जणांत ऑटोइम्यून खुणा, काहींच्या यकृताचा आजार आधीपासून गुपचूप बसलेला. आता तू म्हणशील, देशात लाखोंनी प्यायली, त्यांचं काय? मान्य. 43 हा अंश झाला, छेद कुणाकडेच नाही. पण मला लाखांचं कोडं नाही पडलेलं. मला पडलंय ते इतकंच की शेजारच्या जोशीकाकू आमच्याच वेलीची कांडी नेऊन पीत होत्या आणि ठणठणीत आहेत. मग आईच का? डॉक्टरांच्या मते उत्तर त्या थायरॉईडच्या गोळीत असावं. आईच्या रक्तात थायरॉईडवर उलटणाऱ्या अँटिबॉडीज आता तपासल्या, भरपूर आहेत. जिची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या ग्रंथीवर उलटलेली, तिला आपण रोज सकाळी प्रतिकारशक्ती वाढवायला काढा देत होतो.

आणि गंमत बघ. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात हीच गुळवेल कुणाला दिली होती? कावीळवाल्यांना! पित्तमार्ग अडलेले, ऑपरेशनला निघालेले रुग्ण. गुळवेल मिळालेल्यांमध्ये जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी झाले, कारण पांढऱ्या पेशी चेतल्या. तो पेपर तूच मला झेरॉक्स करून दिला होतास, वर लाल पेनाने "बघ!" लिहून. अजून आहे माझ्याकडे. अभ्यास छोटा होता, तेव्हाही मी म्हटलंच होतं. पण समजा तू बरोबर होतीस. मग पेशी चेतवणारी गोष्ट कुणाच्या तरी अंगात नको तिथेही चेतवणारच की! गुण खरा मानायचा तर दोषही खरा मानावा लागेल. "आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतात" हे वाक्य तुझं नव्हतंच कधी, पण तुझ्या दवाखान्याच्या पाटीखाली बसलेले सगळे ते म्हणतात, आणि तू त्यांना टोकत नाहीस.

सर्पगंधेचं भांडण आठवतंय? तू डॉ. रुस्तुम वकील यांचा 1949 चा पेपर घेऊन मेसमध्ये आलीस, 50 रुग्ण, रक्तदाब उतरला, "आमची मुळी तुम्ही पळवलीत." मी गुग्गुळावरची 2003 ची अमेरिकन चाचणी तुझ्या ताटाशेजारी ठेवली, वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्याऐवजी वाढलं होतं. तू म्हणालीस, "शोधन, शुद्धी न करता गुग्गुळ द्यायचा आणि वर गुग्गुळाला नावं ठेवायची!" मग आमटी थंड झाली आणि आपण बोललो नाही. तेव्हा मजा यायची, कारण त्या 50 जणांत कुणाची आई नव्हती.

तुझंच म्हणणं ना, आम्ही रोग बघत नाही, प्रकृती बघतो? आईची प्रकृती कुणी पाहिली? तू तेव्हा वैद्य म्हणून आलीच नव्हतीस. घरची पोर म्हणून आलीस, नाडी नाही, केसपेपर नाही. तुला दोष देत नाहीये. पण ओपीडीत देतेस तेव्हा विचारतेस का, थायरॉईड आहे का, संधिवात आहे का, अंगावर कोड आहे का? हा प्रश्न घशात अडकला होता म्हणून फोन उचलत नव्हते.

आता काम. आयुषचा स्वतःचा फार्माकोविजिलन्स, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचा, कार्यक्रम आहे, त्यात ही केस नोंदवायची आहे. रिपोर्ट, बायोप्सी, मॅडमचा अभिप्राय सगळं लावलंय. फॉर्म मी एकटीने भरला तर "ऍलोपॅथीवाल्यांचं कारस्थान" म्हणतील. वैद्याने भरलेला हवा. तुझं नाव घाल. तुला धंद्यात त्रास होईल, माहितेय. तरी घाल.

दुसरं, दादा वेल तोडायला निघालाय आणि आई त्याला हात लावू देत नाही. म्हणते, "वैशालीने सांगितलं तर सोडीन. तुझे डॉक्टर काय, कशालाही नावं ठेवतात." तेव्हा तिला फोन कर. नीट सांग, "थोडीशी चालेल" असलं मधलं काही नको. पुन्हा झालं तर यकृत इतकं सोसणार नाही म्हणतात.

तुझी नवी जागा झाली का? चिन्मयला सायन्स घ्यायचंय की तू घ्यायला लावतेयस? भावजींना नमस्कार.

तुझी,
मंजू

ता. क. जोशीकाकूंना मी थायरॉईड तपासायला पाठवलंय. त्या माझ्यावर चिडल्यात आणि कांडी मात्र अजून नेतातच.