अर्ध्या पिकोफॅरडबद्दल आभार

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

स्विच्ड-कपॅसिटर फिल्टरमध्ये रोधकाचं काम क्लॉकच्या तालावर उघडझाप करणारे स्विच आणि एक छोटा कपॅसिटर करतात. त्यावर थेट एसी अ‍ॅनालिसिस (वारंवारतेनुसार प्रतिसादाचा आलेख) चालवलं की स्पाइस हे सर्किट-सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर क्लॉकचा एकच क्षण धरून बसतं. उघडा स्विच उघडाच राहतो, आलेख निरर्थक येतो. म्हणून स्विच आणि छोट्या कपॅसिटरच्या जागी क्लॉकचा आवर्तकाल भागिले त्या कपॅसिटरची धारकता एवढा रोधक बसवायचा, इतकं कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतं. आभार त्यापुढच्या अर्ध्या पिकोफॅरडसाठी आहेत.

छोटा कपॅसिटर १ पिकोफॅरड, क्लॉक १०० किलोहर्ट्झ: समतुल्य रोध १० मेगाओहम. पुढे २० पिकोफॅरडचा मोठा कपॅसिटर, म्हणजे कटऑफ (ज्याच्या वरच्या वारंवारता फिल्टर दाबतो) ७९६ हर्ट्झ. पण स्विचसकट ट्रान्झियंट (क्षणाक्षणाचं) सिम्युलेशन चालवून इनपुटला स्टेप, म्हणजे व्होल्टेजची एकदम उडी, दिली, तर टाइम कॉन्स्टंट २०० ऐवजी २०५ मायक्रोसेकंद भरतो आणि कटऑफ ७७७ वर उतरतो. दोष सिम्युलेटरचा नाही, हे तुम्ही दाखवलंत. छोटा कपॅसिटर आपला चार्ज मोठ्याला देऊन टाकत नाही, त्याच्याशी वाटून घेतो; दर आवर्तनात इनपुट-आउटपुटमधला फरक २०/२१ पटीवर येतो. त्यामुळे रोधकाच्या मॉडेलमध्ये २० ऐवजी २०.५ लिहायचं, की आकडे जुळतात. ऑप-अ‍ॅम्पच्या साध्या इंटिग्रेटरला मात्र ही दुरुस्ती लावू नका, हेही तुम्हीच बजावलंत: ऑप-अ‍ॅम्प शून्य व्होल्टवर धरून ठेवतो त्या टोकावर (व्हर्च्युअल ग्राउंड) चार्ज पूर्ण रिकामा होतो.

स्विचच्या मॉडेलमधल्या खोड्याही तुमच्यामुळेच सापडल्या. उघड्या स्विचचा रोध १ गिगाओहम ठेवला, तर १० मेगाओहमला समांतर १ टक्का गळती होते; १ टेराओहम हवा. चालू स्विचचा रोध १० किलोओहम पुरतो. दोन स्विचचे दोन्ही क्लॉक ४.५-४.५ मायक्रोसेकंद, मध्ये अर्धा मायक्रोसेकंद मोकळा. ही मोकळीक विसरून दर आवर्तनात एकूण १० नॅनोसेकंद दोन्ही स्विच एकदम चालू राहिले, तर सरासरीने २० मेगाओहमची वाट तयार होते आणि कटऑफ दीडपट होतो! शिवाय स्पाइसमध्ये नुसता 'एम' म्हणजे मिली, मेगासाठी 'मेग'. या एका अक्षरापायी किती संध्याकाळी वाया जातात, ते देवच जाणे.

शेवटचा इशारा सर्वांत मोलाचा. ९९.५ किलोहर्ट्झचा गोंगाट खऱ्या सर्किटात क्लॉकच्या १०० किलोहर्ट्झमधून वजा होऊन ५०० हर्ट्झवर येऊन बसतो. रोधकाचं मॉडेल तो गुपचूप दाबून टाकतं आणि आलेख स्वच्छ दिसतो. इनपुटला आधी साधा आरसी (रोधक-कपॅसिटर) फिल्टर लावायचा तुमचा सल्ला नव्या आराखड्यात घेतला आहे.

आपले नम्र,
फिल्टरच्या टेबलावरचे सगळे